अंगणातलं गाजर गवत उपटताय? आधी हात झाका

पाऊस झाला की अंगण, उकिरडा, गोठ्यामागची जागा, सगळीकडं गाजर गवत माजतं. आपण त्याला काँग्रेस गवतही म्हणतो. मूळचं हे अमेरिका खंडातलं. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळलं आणि पुढे देशभर पसरलं.

या गवतातल्या पार्थेनिन या द्रव्याची काहींना अ‍ॅलर्जी होते. पापण्या, मान, कोपराची घडी इथं खाज सुटते, कातडी लाल होऊन जाड पडते. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा पाठ सोडत नाही. वाळलेल्या गवताच्या धुळीनंही त्रास होतो.

मग करायचं काय?

• फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. एका झाडाला हजारो बिया येतात.

• हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, तोंडाला रुमाल बांधा. नंतर साबणानं अंघोळ करा, ते कपडे वेगळे धुवा.

• बिनफुलाचं गवत खड्ड्यात कुजवलं तर खत होतं. फुललेलं मात्र उकिरड्यावर टाकू नका, खताबरोबर बी शेतात जातं.

• मोकळ्या जागी तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं बी फेका. तो वाढला की गाजर गवत दबतं.

ज्यांना आधीच खाज येते, त्यांनी हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगावं. चट्टे वाढले किंवा दम लागला तर घरगुती लेप लावत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि शेजाऱ्यालाही सोबत घ्या, कारण बी कुंपण मानत नाही.