रानपिंगळ्याचे राखणदार

नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्याच्या रानाला पक्षिशास्त्रात मानाचे स्थान आहे. १८८४ नंतर रानपिंगळा दिसल्याची खात्रीची नोंद कोठेच नव्हती. १९१४ साली एक पक्षी मिळाल्याचा दावा होता. परंतु तो नमुना जुना असून त्यावरील चिठ्ठी खोटी असल्याचे पामेला रासमुसेन यांनी उघडकीस आणले. मग खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढीत त्या, बेन किंग व डेव्हिड ॲबट शहाद्याजवळच्या रानात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी किंग यांना झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी पक्षी सापडला, तो बारकाईने पाहिल्यामुळे! पुढे तोरणमाळच्या वनात फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी त्याचा अभ्यास केला.

अशी नजर गावातील तरुणासही कमावता येते. स्वयंसेवकाचे पहिले काम पाहणे व नोंद ठेवणे हे होय. गावाजवळील साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. पाय मात्र दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. तो दिवसाही शिकार करतो. तारीख, ठिकाण व झाडाची जात वहीत लिहावी.

दुसरे काम आसरा राखणे. रानपिंगळा विरळ सागवनात राहतो व झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. जुने, पोकळ झाड निरुपयोगी समजून तोडले, की त्याचे घरच मोडते. सरडे, उंदीर व कीटक हे त्याचे खाद्य आहे. यास्तव पिंगळा अशुभ नसून शेतकऱ्याचा सोबती आहे, हे ग्रामसेवकांनी समजावून सांगावे.

तिसरे काम जखमी पक्ष्यास वाचविणे. पक्षी जखमी आढळल्यास जाड कापडाने अलगद उचलून भोके पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावा. दूध अथवा पोळी देऊ नये. चोचीत पाणी ओतू नये. लगेच वनकर्मचाऱ्यांस कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये असा पक्षी घरी पाळणे हा गुन्हा आहे. धडधाकट पिल्लू ढोलीबाहेर दिसल्यास त्यास उचलू नये. दूर उभे राहून पाहावे. आईबाप बहुधा जवळच असतात.

पाहणे, राखणे व वाचविणे या तीन पायऱ्या ज्याने चढल्या, तोच रानपिंगळ्याचा खरा राखणदार. एकदा हरवलेला पक्षी पुन्हा लाभला आहे. तो दुसऱ्यांदा हरवू नये, हे आपल्याच हाती आहे.