आधी जमीन, मग हिरवळ



लग्नाच्या हॉलमध्ये, ढाब्याच्या दारात, शहरातल्या गच्चीवर हल्ली हिरवंगार गवत अंथरलेलं दिसतं. वाकून हात लावला की कळतं, हे तर प्लॅस्टिक! आता तालुक्याच्या बाजारातही त्याच्या गुंडाळ्या आल्या आहेत. पाहुण्यांसाठी जेवणाची, राहण्याची सोय करणाऱ्या बचत गटांतल्या बायका आम्हाला दोन प्रश्न विचारतात. हे आपल्या परसदारी घालावं का? आणि घालायचं झालं, तर आपलं आपल्याला जमेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जमेल. ज्या हातांनी आपण जमीन चोपली, सारवली, त्याच हातांचं हे काम आहे. पहिल्या प्रश्नाचा मात्र नीट विचार करायला हवा, म्हणून तो आधी घेऊ.

हे गवत आलं कुठून?

१९६५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात ॲस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं मोठं मैदान उघडलं. छपराला पारदर्शक तावदानं होती. त्यांतून येणाऱ्या झळाळीत खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. ऊन अडलं आणि खालचं खरं गवत मरून गेलं. तेव्हा १९६६ मध्ये तिथे नायलॉनचं गवत अंथरलं. पुढे हॉकीची मैदानंही तशी झाली. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली, आणि खऱ्या गवतावर वाढलेला आपला संघ सातवा आला.

ही गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की, जिथे खरं गवत जगत नाही तिथे हा गालिचा कामाला आला. आपणही हाच नियम धरावा. परसदारी ज्या जागेत भाजी पिकते, आळू वाढतं, शेवगा उभा आहे, तिथे प्लॅस्टिक घालू नये. तिथली माती आपल्याला खायला देते.

घालावं की नको?

पहिली गोष्ट उन्हाची. खरं गवत पाणी बाहेर टाकतं, म्हणून गार राहतं. प्लॅस्टिक नुसतं तापतं. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्या वर जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या चैत्र-वैशाखात दुपारी त्यावर लहान मुलाचा पाय पोळेल. पाणी शिंपडलं तर थंड होतं, पण थोड्याच वेळात पुन्हा तापतं. म्हणून जागा अशी निवडा जिथे दुपारनंतर घराची किंवा झाडाची सावली येते. खात्री करायची तर नमुन्याचा तुकडा मागून आणा, दुपारी त्या जागी ठेवा आणि अर्ध्या तासानं हाताची मागची बाजू टेकवा. हात ठेववत नसेल तर ती जागा नको.

दुसरी गोष्ट विस्तवाची. चूल, बंब, शेकोटी, दिवाळीचे फटाके जिथे असतात तिथून हा गालिचा लांब हवा. एका ठिणगीनं भोक पडतं.

तिसरी गोष्ट झाडांची. मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती खोदून, चोपून घेतलं तर मुळं गुदमरतात. बुंध्यापासून निदान चार-पाच हात सोडा.

चौथी गोष्ट पैशाची. घरच्या घरी बसायला शेणानं सारवलेलं अंगण किंवा शहाबादी फरशी कुठे कमी पडते? नुसत्या शोभेसाठी गटाचं कर्ज काढू नका. पाहुणे येतात, मुलं खेळतात, वाढदिवसाला जागा भाड्यानं जाते, असं काही उत्पन्न त्यातून निघणार असेल तरच हिशोब मांडा. चांगल्या प्रतीचा गालिचा आठ-दहा वर्षं टिकतो. एकूण खर्चाला आठानं भागा आणि वर्षाला तेवढे पैसे ती जागा मिळवून देईल का, ते गटाच्या बैठकीत मोकळेपणानं बोला.

हिशोब कसा मांडायचा?

समजा जागा १२ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे, म्हणजे १२० चौरस फूट. गालिच्याची गुंडाळी बहुधा २ मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट रुंदीची असते. दहा फुटी दोन पट्टे शेजारी शेजारी टाकले की १३ फूट भरतात. म्हणजे १३० चौरस फूट गालिचा लागेल, आणि कापायला हाताशी राहावा म्हणून प्रत्येक पट्टा अर्धा फूट जास्त घ्या.

खाली ३ इंच खडी आणि १ इंच कच. खडी ३० घनफूट, कच १० घनफूट. आपल्याकडे माल ब्रासनं मिळतो आणि १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. चोपल्यावर थर बसतो, म्हणून खडी आणि कच दोन्ही थोडी जास्त मागवा. शिवाय तणाला अडवणारं कापड, जोडाची पट्टी, गोंद, पाच-सहा इंची गंज न लागणारे खिळे, कडेला विटा किंवा जांभा, साधारण ६० किलो बारीक कोरडी वाळू आणि गाडीभाडं. हे सगळं वहीत मांडून दोन-तीन दुकानांतून दर घ्या.

दुकानात गालिचा उलटा करून पाहा. मागे पाणी जायला भोकं आहेत ना? पाती चिमटीत धरून ओढा, ती सुटून हातात येतात का? घरच्या वापराला २५ ते ४० मिलिमीटर उंचीची पाती पुरतात. काही जुन्या कृत्रिम हिरवळींच्या रंगात शिसं सापडलं होतं, म्हणून शिसं नसल्याचा दाखला मागा. उन्हात टिकण्याची हमी तोंडी घेऊ नका, बिलावर लिहून घ्या.

जमीन तयार करणं

सगळं काम इथेच आहे. गालिचा कितीही महागाचा असो, खालची जमीन खचली की वर खळगे दिसणारच. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस या कामाला बरे. पाऊस गेलेला असतो, ऊन चढलेलं नसतं. आपल्याकडे शेतावर इर्जिक घालतात तशी इथेही घाला. चार-पाच जणी असल्या की खोदाई-चोपाई दोन दिवसांत होते, आणि पुढच्या वेळी दुसरीच्या दारी जायचं.

आधी चार खुंट्या ठोकून दोरी बांधा. कोपरा काटकोनात आहे का ते पाहायला एका दोरीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं की कोपरा बिनचूक.

मग ४ इंच खोदा. निघालेली वरची माती फेकू नका, ती परसबागेच्या वाफ्यात टाका. हरळी आणि लव्हाळा मुळासकट, गाठींसकट काढा. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी तो वर डोकं काढतो.

जमीन काळी असेल तर जास्त काळजी घ्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिथे आणखी ४ इंच खोदा, मुरूम भरा, चोपा आणि मगच पुढचं काम करा.

आता उतार. पाणी घराच्या जोत्यापासून बाहेर गेलं पाहिजे, १० फुटांना दीड इंच या हिशोबानं. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. आतले हवेचे बुडबुडे काढून टाका. एक टोक घराकडच्या खुंटीला आणि दुसरं बाहेरच्या खुंटीला धरा. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत थांबतं, तिथे खुणा करा. मग बाहेरची दोरी खुणेच्या दीड इंच खाली बांधा. उतार मिळाला. हा उतार शेजारणीच्या दाराकडे वळवू नका, पहिल्याच पावसात भांडण नको.

खोदलेली जमीन धुम्मसानं चोपून तणाचं कापड अंथरा. हे कापड पाणी जाऊ देणारं हवं. पैसे वाचवायला जुनी ताडपत्री घातली तर खाली पाणी तुंबतं, वास येतो, डास होतात. कडेनं विटा किंवा जांभ्याचे चिरे पक्के बसवा. मग खडी दोन थरांत पसरा, प्रत्येक थरावर पाणी मारून चोपा. वर कच पसरून सरळ पट्टीनं ओढा आणि पुन्हा चोपा. टाच दाबून चाललं तरी खूण उमटली नाही, की झालं. शेवटी बादलीभर पाणी ओता. कुठे डबकं साचलं तर आत्ताच भरून घ्या.

परसदारी आधीच सिमेंटचा कोबा असेल आणि त्याला उतार असेल, तर ही खोदाई लागत नाही. गालिचा त्यावरच टाकून कडा गोंदानं चिकटवता येतात.

अंथरणं आणि जोडणं

गुंडाळी उघडून दोन-तीन तास उन्हात पसरून ठेवा, म्हणजे वळ्या जातात. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर दोन पट्टे दोन रंगांचे दिसतात. कापताना उलट्या बाजूनं, शिवणीच्या दोन ओळींच्या मधून कटर चालवा. पातं बोथट होताच बदला.

दोन पट्टे जोडताना दोन्ही कडांच्या दोन-दोन शिवणी कापून टाका. कडा एकमेकींवर चढता कामा नयेत आणि फटही दिसता कामा नये. दोन्ही कडा मागे दुमडा, मधोमध जोडाची पट्टी ठेवा, गोंद पसरा आणि कडा हळूच खाली आणा. पाती गोंदात अडकू देऊ नका. वर विटा ठेवून एक दिवस जाऊ द्या. गोंदाचं काम सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर करा.

कडेनं दर ८ इंचांवर खिळा ठोका, पाती बाजूला सारून. खिळ्याचं डोकं वर राहिलं तर अनवाणी पायाला लागेल, म्हणून काम झाल्यावर सगळीकडून हात फिरवून पाहा. मग चाळलेली कोरडी वाळू पसरा आणि पात्यांच्या उलट दिशेनं खराटा मारा. वाळू खाली बसते, पाती उभी राहतात आणि गालिचा जागचा हलत नाही. समुद्राची खारी वाळू वापरू नका.

पुढची निगा

आठवड्यातून एकदा खराटा मारा. पालापाचोळा साचू देऊ नका. कुत्र्या-मांजरानं घाण केली तर लगेच पाण्यानं धुवा. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे सावलीत शेवाळ धरून पाय घसरतो, म्हणून पावसाळ्यात घासणं वाढवा. कडा उचकटल्या तर त्याखाली विंचू-किडा बसतो, त्या वेळीच ठोकून घ्या.

उरलेले तुकडे चुलीत घालू नका. जळत्या प्लॅस्टिकचा धूर आपल्याच छातीत जातो. त्यांची पायपुसणी करा. गालिचा जुना होऊन पाती तुटून पडू लागली की तो काढून घ्या, नाहीतर ते तुकडे पावसाबरोबर ओढ्यात, शेतात जातात. खालची खडी आणि उतार मात्र तसाच राहतो, त्यावर पुढे फरशी बसवता येते.

म्हणून मैत्रिणींनो, पैसे कमी असतील तर आधी जमीन, उतार आणि निचरा पक्का करा. गालिचा पुढच्या वर्षी घेता येईल. आणि तेवढ्या वर्षात त्या सपाट, कोरड्या अंगणात खाट टाकून बसताना वाटलं की एवढंच पुरेसं आहे, तर तेही गटाला सांगा. तुमचा खर्च वाचला, तसा आणखी कुणाचा वाचेल.