पडद्यावर लाडू नारिंगी दिसतो

विमानतळावर आपली बॅग पट्ट्यावरून यंत्राच्या बोगद्यात शिरली, की आतले बेसनाचे लाडू पडद्यावर नारिंगी होऊन उमटतात. साबण, चॉकलेट, पुस्तकं, चामड्याच्या चपला, सगळं नारिंगी. स्टीलचा डबा निळा, ॲल्युमिनियमचं भांडं हिरवट. वस्तूच्या खऱ्या रंगाशी याचा काही संबंध नाही. पदार्थ कोणत्या अणूंचा बनला आहे, ते हे रंग सांगतात. डबा न उघडता त्यातल्या अणूंचा अंदाज पट्टा सरकता सरकता लागावा, याचं मला अजूनही नवल वाटतं.

युक्ती अशी आहे. बॅगेतून आरपार आलेले एक्स-रे शोधकांच्या दोन थरांवर पडतात आणि त्या थरांमध्ये बहुधा तांब्याचा पातळ पत्रा असतो. कमी ऊर्जेचे किरण पहिल्याच थरात अडकतात, जोरकस किरण पत्रा भेदून दुसऱ्यात पोचतात. कमी ऊर्जेच्या किरणांना जड अणू प्रचंड प्रमाणात गिळून टाकतात. जास्त ऊर्जेच्या किरणांच्या बाबतीत अणू कुठला याला तेवढं महत्त्व नसतं, माल किती दाट यालाच असतं. दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या, की सरासरी अणुक्रमांकाचा अंदाज येतो. कार्बन 6 आणि ऑक्सिजन 8, म्हणून लाडू नारिंगी. ॲल्युमिनियम 13, म्हणून हिरवं. लोखंड 26, म्हणून निळं.

पण स्फोटकंसुद्धा बहुतांशी कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचीच असतात. तीही नारिंगीच दिसतात! म्हणजे यंत्र फक्त रंग भरून देतं. हा गोळा फराळाचा की आणखी कशाचा, त्याच्या शेजारची वायर मोबाइलच्या चार्जरची की भलतीच, हे पडद्यासमोर बसलेल्या माणसाला काही सेकंदांत ठरवावं लागतं. शंका आली तर बॅग बाजूला घेतात, तिच्यावरून एक छोटी पट्टी फिरवतात आणि ती पट्टी दुसऱ्या यंत्रात घालतात. तिथे चिकटून आलेल्या कणांची वाफ होते, रेणूंना विद्युतभार मिळतो आणि नळीतून धावायला त्यांना किती मिलिसेकंद लागले यावरून त्यांची ओळख पटते. नॅनोग्रॅमइतका अंश पुरतो. मात्र ही पट्टी बाहेर निघण्यासाठी आधी एका माणसाच्या मनात शंका यावी लागते.

आपल्याकडे हा माणूस बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, म्हणजे सीआयएसएफचा असतो. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानाचं अपहरण होऊन ते कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर 2000 साली जयपूरपासून सुरुवात करून हे काम या दलाकडे आलं. त्याआधीची जखम ‘कनिष्क’ या विमानाची. जून 1985 मध्ये टोरांटोला सामान तपासणारं एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडलं आणि उरलेल्या बॅगा हातातल्या एका उपकरणाने तपासल्या गेल्या. त्या विमानात बॉम्बस्फोट होऊन 329 माणसं गेली.

या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट ही, की धोका जवळजवळ कधीच समोर येत नाही. अमेरिकेतले जेरेमी वुल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी 2005 मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गर्दीच्या चित्रांत लोकांना ठरावीक वस्तू शोधायची होती. निम्म्या चित्रांत ती असायची, तेव्हा ती सुमारे 7 टक्के वेळा नजरेतून सुटली. शंभरात एकाच चित्रात असायची, तेव्हा ती सुटण्याचं प्रमाण 30 टक्क्यांवर गेलं. डोळे तेच, वस्तूही त्याच. पण जे क्वचित भेटतं त्याचा शोध मेंदू लवकर आवरता घेतो. आळसाचा यात काही भाग नाही, आपला मेंदू घडलाच तसा आहे. म्हणून मला वाटतं, हे काम प्रवाशांशी जितकं, त्याहून जास्त स्वतःच्या मेंदूशी झुंजण्याचं आहे.

यावरचा उपाय मला विलक्षण सुंदर वाटतो. यंत्रच अधूनमधून प्रवाशाच्या खऱ्याखुऱ्या बॅगेच्या चित्रात पिस्तुलाचं किंवा बॉम्बचं खोटं चित्र मिसळतं. तपासनीसाने बटण दाबलं, की ते चित्र खोटं होतं आणि त्याने ते बरोबर पकडलं, असं पडद्यावर झळकतं. सुटलं तर तेही कळतं आणि नोंद होते. दुर्मीळ गोष्ट मुद्दाम नेहमीची केली, की मेंदू शोध सोडत नाही. आपल्या कपड्यांच्या घड्यांमध्ये कुणाच्या तरी सरावासाठी एखादं पिस्तूल क्षणभर उमटून गेलं असेल, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसेल.

तरीही डोळे थकतातच. दुसऱ्या महायुद्धातल्या रडारवाल्यांसारखं सलग पाहत बसणारी माणसं अर्ध्या तासातच खुणा चुकवू लागतात, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये दाखवून दिलं होतं. युरोपीय संघाच्या नियमांनुसार हातातल्या सामानाची चित्रं सलग पाहण्याची मर्यादा साधारण 20 मिनिटांची आहे. मग तिथे दुसरा माणूस बसतो, आणि उठलेला माणूस बॅगा उघडून तपासायला किंवा प्रवाशांची झडती घ्यायला जातो.