रात्रीच्या शर्यतीची शिदोरी

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. म्हणाला, "मामा, रात्रभराच्या माउंटन बाईक शर्यतीत नाव घातलंय. पहिलीच वेळ आहे. सामान काय काय न्यायचं?"

मी म्हटलं, "अरे, मला कसलं विचारतोस? कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला टांग मारलेली नाही."

"तुम्ही ताईबरोबर ॲरिझोनाला गेला होतात ना? ताई म्हणाली, सामानाचं बाबांना विचार. ते विसरायचे नाहीत."

ते विसरायचे नाहीत! हे आमच्या कन्येनं सरळ म्हटलं की तिरकं, ते फोनवरून काही कळलं नाही. लिहून पाठवतो असं त्याला सांगितलं आणि कागद घेऊन बसलो. यादी राहिली बाजूला आणि ती रात्रच डोळ्यांपुढे उभी राहिली.

बँकेतून निवृत्त झालो ते २०१९ साली. पुढच्याच जानेवारीत आम्ही उभयता थोरलीकडे फीनिक्सला गेलो. गेल्या गेल्या तिनं जाहीर केलं की फेब्रुवारीत तिची शर्यत आहे. नाव, '२४ अवर्स इन द ओल्ड प्वेब्लो'. ओल्ड प्वेब्लो हे तिथल्या टूसॉन शहराचं लाडाचं नाव. शनिवारी दुपारी बाराला सुरू होणारी शर्यत रविवारी दुपारी बाराला संपते. वाळवंटातून, काट्याकुट्यांतून, दगडगोट्यांवरून सुमारे सोळा मैलांचा, म्हणजे पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा एक फेरा. चौघांचा संघ असेल तर एकानं फेरा पुरा करायचा आणि दांडी दुसऱ्याच्या हाती द्यायची. चोवीस तासांत जास्त फेरे ज्यांचे, ते जिंकले. काही जण चोवीस तास एकटेच सायकल मारतात. त्यांच्याविषयी मी न बोललेलं बरं.

या प्रकाराचं मूळ फ्रान्समधल्या ल मां इथल्या मोटारींच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आहे. ती १९२३ पासूनची. तिच्यावरून कल्पना घेऊन लेअर्ड नाईट नावाच्या गृहस्थानं १९९२ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात माउंटन बाईकची तशी शर्यत भरवली आणि मग हे वेड पसरलं. टूसॉनची शर्यत २००० साली सुरू झाली. तिचा आरंभही जुन्या ल मांच्या पद्धतीनंच होतो. आधी सगळ्यांनी पायी पळत सुटायचं आणि पुढे ठेवलेली आपापली सायकल गाठायची.

अशा शर्यतीत तंबू सांभाळायला एक माणूस लागतो. आल्या आल्या हातात कोरडे कपडे द्यायचे, खायला घालायचं, बॅटऱ्या बदलायच्या. जावई कामासाठी परगावी जाणार होते, सौ. नातवापाशी राहणार होती. उरलो मी.

"रात्रभर?" मी विचारलं.

"रात्रभर," ती म्हणाली.

इथं एक कबुली देतो. मुली लहान असताना आमच्या घरात दिवेलागणीच्या आत परत यायचा नियम होता आणि तो करणारा मीच होतो. आठवीत असताना थोरली एकदा साडेसातला आली. सायकलची चेन पडली होती, हात काळे झाले होते, ते तिनं दाखवलेही. मी सायकलला कुलूप घातलं आणि महिनाभर किल्ली खिशात घालून बँकेत नेत राहिलो. शाखेतल्या स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे असे, तिच्याच जुडग्यात ही. पुढे तिनं तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

तर आता तीच मुलगी चौतिसाव्या वर्षी रात्री तीन वाजता एकटी वाळवंटात जाणार होती, आणि तिला दिवा लावून द्यायला मी उभा राहणार होतो.

सामानाची यादी तिनं केलेली होती. मी ती ताब्यात घेतली, वहीत रकाने आखले आणि प्रत्येक वस्तूसमोर टिक मारायला जागा ठेवली. यादीत एके ठिकाणी 'कंगवे, दोन' असं होतं. शर्यतीत कोण भांग पाडत बसणार, असं म्हणून मी ते खोडायला निघालो, तेव्हा तिनं पेन धरलं. तिथं चोया नावाचं निवडुंग असतं. त्याची कांडी नुसत्या स्पर्शानं तुटून अंगाला चिकटतात. इतकी सहज की लोक त्याला 'उड्या मारणारं' चोया म्हणतात. काट्यांना उलटे आकडे असतात, त्यामुळे ते आत सहज जातात आणि बाहेर येताना कातडी धरून ठेवतात. हातानं ओढायला गेलं की दुसरा हातही अडकतो. म्हणून कांडं आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवायचा आणि झटक्यानं उडवायचं. उरलेले काटे पक्कडीनं काढायचे. कंगवे राहिले. पक्कडही आली.

दुसरी एक नोंद मात्र मी खोडलीच, 'छोटी टॉर्च'. हँडलवर एक दिवा, हेल्मेटवर एक दिवा, मग तिसरा कशाला? बँकेत असताना आम्ही जादा स्टेशनरीसुद्धा मंजूर करत नव्हतो. ती काही बोलली नाही.

दोन दिवे का, हे मात्र मला तिनं नीट समजावलं, ते भाच्यालाही लिहिलं आहे. हँडलवरचा दिवा सायकल जिकडे वळते तिकडे पाहतो, डोक्यावरचा माणूस जिकडे पाहतो तिकडे. हँडल वळायच्या आधी वळणापलीकडचं दिसायला हवं, म्हणून डोक्यावरचा. पण नुसत्या डोक्यावरच्या दिव्यात दगड सपाट दिसतात, कारण उजेड आणि नजर जवळजवळ एकाच रेषेत असतात आणि सावल्या दगडांमागे दडून राहतात. हँडलवरून, खालून गेलेला उजेड त्या सावल्या बाहेर काढतो. सावली दिसली की खोली कळते. एवढ्या साध्या गोष्टीसाठी साठी गाठावी लागली मला!

कपड्यांचं शास्त्र वेगळं. एका फेऱ्याचा एक संच: चड्डी, सदरा, मोजे, हातमोजे. प्रत्येक संच वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवीवर फेऱ्याचा क्रमांक. माणूस आला की घामानं भिजलेलं सगळं ताबडतोब उतरवायचं. 'जरा बसते, मग बदलते' म्हटलं की ओल्या चड्डीनं मांड्या सोलवटतात आणि अंगात थंडी भरते. रात्री दोनला कापऱ्या बोटांनी मोजे शोधायला लागू नयेत म्हणून हा सगळा क्रमांकांचा खटाटोप. भाच्याला लिहिलं, तुझ्याकडे पाऊस-चिखल असणार, तर हातमोजे दुप्पट ने आणि कंगव्याऐवजी चिखल खरवडायचा ब्रश ने.

सायकलची हत्यारं ज्याची त्यानं पाहावीत. पंप, जादा ट्यूब, चेनची जादा कडी, चेनला घालायचं तेल. त्यांच्या टायरमध्ये ट्यूब नव्हतीच. आत रुईच्या चिकासारखा पांढरा द्रव ओतलेला होता. काटा घुसला की तो चीक भोकात येऊन गोठतो. काट्यांच्या देशात ही युक्ती मला फार आवडली.

शुक्रवारी तिथं पोचलो. शेवटचे काही मैल कच्चा रस्ता, जागा सुमारे चार हजार फूट उंचीवर. कुठं काही नसलेल्या माळावर तंबू नि गाड्यांचं एक आख्खं गाव वसलं होतं. आजूबाजूला मेस्कीटची खुरटी झाडं. आपल्याकडच्या वेड्या बाभळीची ती सख्खी बहीण. आपली वेडी बाभूळही मूळची अमेरिका खंडातलीच. परक्या मुलखात ओळखीचं झाड भेटलं, तेही नेमकं काट्यांचं.

शनिवारी बाराला शर्यत सुटली. कन्येचा नंबर दुसरा. पहिला फेरा उन्हात झाला, ती हसत आली. सहाच्या सुमाराला सूर्य गेला आणि त्याच्याबरोबर ऊबही गेली. वाळवंटात हवा कोरडी, आकाश निरभ्र, दिवसभराची उष्णता धरून ठेवायला काही नाही. दुपारी टोपी उन्हासाठी घातली होती, रात्री लोकरीची कानटोपी कानांसाठी घातली. उजाडायला अजून तेरा तास होते.

खाण्याचं एक सांगतो. दिवसा ही मुलं गोड वड्या आणि साखरेची पेयं घेतात. रात्री दहानंतर गोडाचं नाव काढलं तरी त्यांना मळमळतं. सौ.नं हे न सांगता ओळखलं असावं. तिनं तांदूळ, तूप, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं डब्यांत भरून दिलं होतं. गॅसच्या छोट्या शेगडीवर मी मऊ भात केला. संघातल्या एका धिप्पाड अमेरिकन गृहस्थानं वास घेतला, वाटी पुढे केली, आणि मग रात्रभर तो फेरा संपवून आला की माझ्याकडे न पाहता आधी पातेल्याकडे पाही. मिठाच्या पाण्यात उकडलेले बटाटेही न्यावेत. तेही पटापट संपतात.

आता बॅटऱ्या. प्रत्येक दिव्याला दोन. एक वापरात, दुसरी गाडीतल्या चार्जरवर. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून त्या कापडात गुंडाळून ठेवायच्या. भरलेल्या पांढऱ्या पिशवीत, वापरलेल्या लाल पिशवीत, अशी व्यवस्था मीच लावलेली. साडेनऊला ती रात्रीचा पहिला फेरा संपवून आली तेव्हा माझ्या एका हातात भाताचं पातेलं होतं. तिनं दोन्ही बॅटऱ्या दुसऱ्या हातात दिल्या. एक चार्जरला लावली. दुसरी तात्पुरती जवळच्या पिशवीत टाकली.

तात्पुरती! बँकेत तात्पुरत्या नोंदींसाठी सस्पेन्स खातं असतं, आणि सगळे घोटाळे मुक्कामाला तिथंच येतात, हे मी नव्या अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं.

तीनला तिची पाळी आली. मध्यरात्रीनंतर उगवलेला वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र वर आला होता. मी पांढऱ्या पिशवीतून बॅटऱ्या काढल्या, दिव्यांना जोडल्या, वहीत टिक मारली. बॅटरीवर एक बटण होतं. दाबलं की भरलेली असल्यास चार हिरवे ठिपके दिसायचे. मी दाबलं नाही. वहीवर विश्वास ठेवला. तिचा तांबडा दिवा चढावर लहान लहान होत गेला.

पाचला ती यायला हवी होती. सव्वापाचला मी वेळ घालवायला सामान मोजायला बसलो. पांढरी पिशवी रिकामी हवी होती. तिच्यात एक बॅटरी निघाली. बटण दाबलं. चार ठिपके. रोकड कमी भरली तर कॅशियर घाबरतो, पण जास्त भरली तर अधिक घाबरतो, कारण ती दुसऱ्या कुणाची तरी असते.

पुढची पाऊण तासाची हकिगत लांबवत नाही. शर्यतीच्या वाटेवर उलटं जाता येत नाही. फोन लागत नव्हता. पुढच्या पाळीचा सायकलपटू अदलाबदलीच्या तंबूत पाय आपटत उभा होता, त्याला जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. लांबून दिवा दिसला की मी पुढे व्हायचो. दिवा जवळ यायचा, दुसऱ्याच कुणाचा निघायचा.

सहाला दहा कमी असताना ती आली. हेल्मेटचा दिवा अगदी मंद करून ठेवलेला होता. हँडलवर केसांच्या रबरबँडनं एक छोटी टॉर्च बांधली होती. डाव्या हाताला कोपराखाली चोयाचं कांडं, आंब्याएवढं. तिनं दांडी दिली, पुढचा माणूस सुटला.

मी म्हटलं, "बॅटरी मी चुकीची दिली."

"कळलं. पहिल्याच चढाला कळलं."

"मग परत का नाही आलीस?"

"शर्यत होती ना, बाबा."

मी कंगवा घेतला. हात थरथरत होता, तो तिनंच धरून जागेवर नेला. कांडं एका झटक्यात उडालं. काटे सतरा राहिले, ते पक्कडीनं एकेक काढले. सवयीनं मोजले.

"आणि ही टॉर्च? ही तर मी यादीतून खोडली होती."

"म्हणून मी यादीत परत लिहिली नाही. खिशात टाकली."

शेवटचे दोन-तीन काटे राहिले असताना ती म्हणाली, "आज सहाला दहा कमी. सायकलला कुलूप घालणार का?"

मला काही उत्तर सुचलं नाही. मी पक्कड खाली ठेवली आणि भात गरम करायला घेतला. तिनं दोन वाट्या खाल्ला आणि कानटोपीसकट झोपली.

तिचा शेवटचा फेरा दहा वाजून वीस मिनिटांनी निघाला. मी दोन बॅटऱ्या हातात घेऊन उभा होतो, दोन्हींची बटणं दाबून पाहिलेली, चार-चार ठिपके. पुढे केल्या.

"बाबा," ती म्हणाली, "ऊन पडलंय."