गृह-सागरी मत्स्यालयातील प्रवाळांचे तीव्र प्रकाशाशी अनुकूलन

सारांश : घरगुती मत्स्यालयात जुने दिवे बदलून अधिक तीव्र एलईडी दिवे बसविल्यानंतर प्रवाळ पांढरे पडण्याचे प्रकार घडतात. प्रवाळाच्या पेशींतील सहजीवी शैवालांना नव्या प्रकाशाशी जुळवून घेण्यास आठवडे लागतात. प्रकाशवाढीची गती या कालावधीला अनुसरून का व कशी ठेवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : प्रवाळ, सहजीवी शैवाल, प्रकाश-अनुकूलन, विरंजन.

प्रस्तावना

प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या ऊर्जेचा बहुतांश भाग त्याच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषणाद्वारे पुरवितात. यामुळे 'जितका प्रकाश अधिक, तितके पोषण अधिक' असा समज रूढ झाला आहे. तो एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. अनेक वर्षे जोपासलेली प्रवाळ वसाहत एका दिवाबदलामुळे काही दिवसांत नष्ट होऊ शकते.

अनुकूलनाची प्रक्रिया

शैवालाच्या पेशीत तीव्र प्रकाशापासून संरक्षणाची व्यवस्था दोन पातळ्यांवर असते. पहिली तात्कालिक होय. काही मिनिटांत डायडिनोझँथिन या रंगद्रव्याचे डायटोझँथिनमध्ये रूपांतर होते आणि अतिरिक्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकली जाते. दुसरी व्यवस्था संथ आहे. तीत प्रत्येक पेशीतील हरितद्रव्याचे प्रमाण कमी होते, शैवालांची संख्या बदलते आणि अनेक प्रवाळ संरक्षक रंगीत प्रथिनेही निर्माण करतात. या पुनर्रचनेस साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात.

प्रकाशामुळे प्रकाशसंश्लेषण यंत्रणेतील 'डी-१' नावाच्या प्रथिनाची सतत हानी होत असते व त्याची सतत दुरुस्तीही होत असते. हानीचा वेग दुरुस्तीच्या वेगापेक्षा वाढला की ऑक्सिजनची घातक, अतिक्रियाशील रूपे साचतात. अशा स्थितीत प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो व पारदर्शक ऊतींतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पाण्याचे तापमान वाढलेले असल्यास दुरुस्ती मंदावते; म्हणून उष्णतेच्या दिवसांत दिवे बदलणे अधिक धोक्याचे ठरते.

मापनाचे महत्त्व

प्रकाशाच्या तीव्रतेविषयी डोळ्यांचा अंदाज फसवा असतो. मानवी डोळा हिरव्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असतो, तर प्रवाळांसाठीच्या एलईडी दिव्यांत निळ्या प्रकाशाचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे मंद भासणारा निळा दिवादेखील शैवालांच्या दृष्टीने प्रखर असू शकतो. साध्या लक्समापकातही हाच दोष राहतो. म्हणून प्रकाशसंश्लेषणास उपयुक्त किरणांचे मापन करणारे उपकरण पाण्याखाली, प्रवाळाच्या जागी ठेवून वाचन घ्यावे. हे वाचन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद मायक्रोमोल या एककात मिळते. मऊ प्रवाळांना सामान्यतः ५० ते १५० मायक्रोमोल पुरेसे होतात. अक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांना बहुधा २०० ते ३५० मायक्रोमोल दिले जातात.

प्रकाशवाढीची पद्धती

नव्या दिव्याची तीव्रता प्रथम जुन्या दिव्याच्या वाचनाइतकीच ठेवावी आणि नंतर दर आठवड्यास सुमारे १० टक्क्यांनी वाढवावी. उदाहरणार्थ, १२० मायक्रोमोलपासून २५० पर्यंत जाण्यास या गतीने सुमारे आठ आठवडे लागतात. दिव्याची तीव्रता कमी करण्याची सोय नसल्यास दिवा उंच टांगावा किंवा टाकीवर जाळीचे थर अंथरून ते एकेक करून काढावेत. केवळ प्रकाशाचे तास कमी करणे पुरेसे नाही. कारण त्या कमी तासांतही तीव्रता हानीची मर्यादा ओलांडू शकते. पाण्यातील पिवळसर सेंद्रिय द्रव्ये सक्रियित कोळशाने एकाएकी काढून टाकल्यासही, दिवा न बदलता, प्रवाळापर्यंत पोहोचणारा प्रकाश वाढतो.

लक्षणांचा अर्थ

तपकिरी झालेला प्रवाळ बहुधा आजारी नसतो. कमी प्रकाशात किंवा पोषकद्रव्ये अधिक असताना शैवाले व हरितद्रव्य वाढल्याने तो रंग येतो. तो घालविण्यासाठी एकदम प्रकाश वाढविणे हीच नेमकी चूक ठरते. याउलट दिव्याकडील पृष्ठभाग फिकट होणे व पॉलिप मिटलेले राहणे ही अतिप्रकाशाची लक्षणे असू शकतात. तसे दिसताच प्रकाश तातडीने कमी करावा, तापमान स्थिर ठेवावे व सूक्ष्म खाद्य द्यावे. विरंजित प्रवाळाच्या ऊती शाबूत असतील तर तो सावरू शकतो. ऊती गळून पडल्यास तो भाग मृत समजावा.

एकाच टाकीतील सर्व प्रवाळ सारखाच प्रतिसाद देत नाहीत. पूर्वी एकाच प्रजातीत गणल्या जाणाऱ्या या शैवालांची २०१८ मध्ये अनेक प्रजातींत विभागणी करण्यात आली. त्यांची प्रकाशसहनशीलताही भिन्न आहे. म्हणून वाढीची गती सर्वांत नाजूक प्रवाळाकडे पाहून ठरवावी.

निष्कर्ष

प्रकाशवाढीचे वेळापत्रक दिव्याच्या क्षमतेवरून नव्हे, तर शैवालांच्या पुनर्रचनेच्या कालावधीवरून ठरले पाहिजे. भारतात २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत झाला असल्याने आपल्या समुद्रातून ते घरी आणणे निषिद्ध आहे. तथापि ही प्रक्रिया समजून घेणे मालवणसारख्या किनाऱ्यांवरील प्रवाळांच्या अभ्यासासही उपयुक्त आहे. कारण समुद्रात वाढत्या तापमानामुळे होणाऱ्या विरंजनाच्या मुळाशी हानी व दुरुस्ती यांचा हाच बिघडलेला तोल असतो.