पाण्याखालचा पंख

रंकाळ्याच्या कांठावर सायंकाळीं बसलें असतां पुष्कळदां एखादी घार दृष्टीस पडते. पंख न हालवतां ती इतका वेळ पुढें सरकत राहते कीं, हिला कोणी अदृश्य दोरीनें ओढीत आहे कीं काय असें वाटावें. आजचा माझा विषय या घारीचाच आहे. फरक एवढाच कीं, येथें पंख हवेंत नसून पाण्याखालीं आहे.

माझा नातू ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें असतो. तेथील स्वान नदींत तो एका फळीवर उभा राहून, हातांतील हलक्या शिडानें वारा पकडून खेळतो. फळीच्या तळाशीं दीड-दोन हात लांबीचा उभा दांडा, त्याच्या टोकाला विमानासारखा आडवा पंख, आणि मागें तोल राखण्यापुरता दुसरा धाकटा पंख. यास हायड्रोफॉइल म्हणतात. आपण जलपंख म्हणूं. पुरेसा वेग येतांच फळी पाण्यापासून सुटते व मुलगा अधांतरीं चालल्यासारखा दिसतो. मागें एकदां त्यानें फोनवर विचारलें, "आजोबा, लहान पंख अधिक वेगवान म्हणून मीं तो घेतला, तर आतां मी वरच येत नाहीं. असें कां?"

ही युक्ति तशी जुनी आहे. इटलींतील एन्रिको फोर्लानिनी यांनीं १९०६ सालीं माज्जोरे सरोवरावर जलपंखांची नौका चालविली. टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल यांच्या 'एचडी-४' नौकेनें ९ सप्टेंबर १९१९ रोजीं कॅनडांत ताशीं ७०.८६ मैलांचा उच्चांक केला. परंतु नातवाला इतिहास नको होता, कारण हवें होतें. आणि तेथेंच माझी पंचाईत झाली.

शाळेंत मी मुलांना सांगत असें कीं, पंखाची वरची बाजू फुगीर असल्यामुळें तेथील प्रवाहाला लांबचा रस्ता पडतो. खालच्या सोबत्याला पलीकडे एकाच वेळीं गांठावयाचें म्हणून तो जलद धांवतो, जलद प्रवाहाचा दाब कमी, म्हणून पंख उचलला जातो. नातवासाठीं पुन्हां वाचावयास बसलों तेव्हां कळलें कीं, यांतील मधली पायरी निखालस खोटी आहे. वरचा प्रवाह जलद असतो हें खरें, तेथें दाब कमी असतो हेंहि खरें. पण दोघांनीं एकदम पोंचावें असा कांहीं करार नाहीं. उलट वरचा आधींच पोंचतो! खरें कारण साधें आहे. पंख किंचित् तिरपा धरला कीं तो प्रवाहाला खालीं वळवतो, आणि पाणी खालीं ढकललें गेलें कीं पंख वर ढकलला जातो. दाबांतील फरक हें याच घटनेचें दुसरें रूप. चालत्या नावेंतून तळहात पाण्यांत घालून, अंगठ्याकडची कड जराशी उचलून पाहा. हात आपोआप वर येऊं लागतो.

पाणी हवेपेक्षां सुमारें आठशें पट दाट, म्हणून जलपंख लहान असला तरी भागतें. फळीसह ऐंशीं किलो भार धरला आणि वेग ताशीं १८ किलोमीटर असला, तर सुमारें साडेबाराशें चौरस सेंटिमीटर पंख पुरतो. म्हणजे शाळेच्या दोन मोठ्या पाट्यांएवढा. ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला तर चौथाई पंखावर काम होतें. उलट पंख निम्मा केला, तर वर येण्यास वेग सुमारें १.४ पट हवा. माझ्या नातवाच्या वाऱ्यांत तेवढा जोर नव्हता. तो बुडाला यांत पंखाचा अपराध नाहीं.

पण उचल फुकट मिळत नाहीं. पंखाखालचें अधिक दाबाचें पाणी टोकाशीं वळसा घालून वर निसटतें, तेथें भोंवरे होतात, आणि त्यांत शक्ति वायां जाते. वेग कमी असतां पंख अधिक तिरपा धरावा लागतो, म्हणून हा खर्च मंद गतींत फार. दुसरा खर्च पाण्याच्या घर्षणाचा. तो वेगाबरोबर वाढतो. पहिला उतरता, दुसरा चढता. दोन्ही जेथें समान होतात त्या वेगाला एकूण ओढ सर्वांत कमी. नवशिका दमला कीं हळू जाऊं पाहतो आणि अधिकच दमतो, तें यामुळें.

उचल ओढीच्या किती पट, यास ग्लाइड रेशो म्हणतात. घारीच्या बाबतींत याचा अर्थ, एक हात उतरतांना ती किती हात पुढें जाते. जलपंखाचें हें प्रमाण दहा धरलें, तर ऐंशीं किलोंच्या भाराला आठ किलोंची ओढ. ताशीं १८ किलोमीटरला सुमारें चारशें वॅट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहून थोडें अधिक. कांहीं खेळाडू शीड टाकून, केवळ पायांनीं फळी वरखालीं दाबीत पुढें जातात. चारशें वॅट धट्टाकट्टा मनुष्यहि कांहीं मिनिटेंच देऊं शकेल. प्रमाण पंधरावर नेलें तर तेंच काम दोनशें साठांत होतें! म्हणून क्षेत्रफळ तेंच ठेवून पंख लांब व अरुंद करतात. टोकाशीं निसटणें कमी होतें. समुद्रावरील अल्बट्रॉस पक्ष्याचे पंख असेच लांब व निमुळते असतात. मात्र असा पंख चटकन् वळत नाहीं. आमच्या घारीला गल्लीबोळांतून वळावें लागतें. तिचे रुंद पंख तिच्या धंद्याला योग्यच म्हटले पाहिजेत.

नातवाला मीं एवढेंच सुचविलें कीं, पंख लहान करूं नकोस, लांब कर. त्यानें मित्राचा मागून आणला, आणि वर आला. राहतां राहिले माझे विद्यार्थी. त्यांपैकीं कोणी आज ऐकत असतील, तर त्यांनीं आपल्या मुलांना पंखाची गोष्ट सांगतांना, दोन प्रवाह एकाच वेळीं पोंचतात हें माझें वाक्य कृपा करून गाळावें.