बाळाचा पहिला महिना – भाग 6 : भिंगावरची जाळी

मागच्या भागात वजनाबद्दल बोललो. कमी वजनाचं बाळ म्हणजे लवकर जन्मलेलं बाळ, असं आपण सर्रास धरून चालतो आणि तिथेच घोटाळा होतो. 1400 ग्रॅमची दोन बाळं शेजारी-शेजारी काचेच्या पेटीत आहेत असं समजा. एक तिसाव्या आठवड्यात जन्मलं. त्या वयाला त्याचं वजन ठीकच आहे. दुसरं पस्तीस आठवडे पोटात राहिलं, पण वारेतून पोषण कमी मिळाल्याने त्याची वाढ खुंटली. पहिल्याची फुप्फुसं कच्ची, श्वास मध्येच थांबणारा. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो, म्हणून त्याला दूध नळीनेच द्यावं लागणार. दुसऱ्याची फुप्फुसं बऱ्यापैकी तयार असतात. त्याला भीती रक्तातली साखर उतरण्याची आणि अंग गार पडण्याची. वजनकाटा हा फरक सांगत नाही. वय सांगतं.

वय ठरवायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. ती झाली नसेल तर शेवटच्या पाळीची तारीख. पण अनेकींना ती नेमकी आठवत नाही, कुणाची पाळी अनियमित असते, कुणाला आधीचं मूल अंगावर पीत असताना पाळी न येताच दिवस राहतात. ऊसतोडीला गेलेल्या बाईची पहिली सोनोग्राफी सातव्या-आठव्या महिन्यात झाली, तर रिपोर्टवरच्या तारखेत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडू शकतो. मग उरतं बाळाचं अंग तपासणं. 1991 साली सुधारलेली बॅलार्ड गुणपद्धत त्यासाठी जगभर वापरतात: त्वचा, लव, तळपायाच्या घड्या, मनगट किती वाकतं, कोपर छातीवरून पलीकडे किती जातं, अशा बारा खुणा. तिचा अंदाज दोनेक आठवडे इकडे-तिकडे होतो आणि व्हेंटिलेटरवरच्या मलूल बाळाचे स्नायू तर खरं उत्तर देतच नाहीत.

इथे डोळा मदतीला येतो. आपल्या डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात, असल्या तर नीट दिसणार नाही. पण गर्भात भिंग घडत असताना त्याला रक्त लागतं. दृष्टिचेतेतून निघालेली एक रोहिणी डोळ्याच्या पोकळीतून पुढे येते आणि भिंगाभोवती बारीक केशवाहिन्यांची जाळी विणते. पुढे भिंगाचं पोषण डोळ्यातल्या पाण्यातून होऊ लागतं आणि जाळीचं काम संपतं. ती विरू लागते, आणि ठरलेल्या क्रमाने विरते.

हा क्रम मोजपट्टीसारखा वापरता येईल हे 1977 साली अमेरिकेतल्या हेलन हिटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या आठवड्यात भिंगाचा सगळा पुढचा पृष्ठभाग वाहिन्यांनी झाकलेला असतो. एकोणतीस-तीसला मधला भाग मोकळा व्हायला लागतो. एकतीस-बत्तीसला मध्य स्वच्छ होतो आणि उरलेल्या वाहिन्या बारीक होतात. तेहेतीस-चौतीसला कडेला चार-दोन तुकडे, त्यानंतर बहुधा काहीच नाही. सत्ताविसाच्या आत पारपटलच इतकं धूसर असतं की आतलं नीट दिसत नाही. 1981 साली त्यांनीच पोटात वाढ खुंटलेली बाळं तपासली, आणि ही खूण तिथेही उपयोगी ठरली. माझ्या मते या पद्धतीचं खरं मोल इथे आहे, कारण आपल्या त्या 1400 ग्रॅमच्या दोन बाळांत निवाडा करायचा तो नेमका इथेच.

तपासणी अशी होते: बाळाला कापडात घट्ट गुंडाळतात, बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, आणि परिचारिकेने डोकं स्थिर धरलं की डॉक्टर ऑफ्थॅल्मोस्कोपचा प्रकाश बाहुलीत टाकतात. लालसर उजेडाच्या पार्श्वभूमीवर जाळीच्या रेषा उमटतात. मात्र हे जन्मानंतर एक-दोन दिवसांत व्हायला हवं, कारण बाहेर आल्यावर जाळी झपाट्याने विरते. सुजलेल्या पापण्या, चुळबुळणारं बाळ आणि या तपासणीची सवय असलेला माणूस रात्रपाळीला नसणं, यामुळे ती मागे पडत आली. म्हणून आता कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं आहे. फोटो काढला की तो पुन्हा पाहता येतो, दूरच्या तज्ज्ञाला पाठवता येतो आणि संगणकाला त्यावरून वाहिन्या मोजायला शिकवता येतं.

दुसरा कॅमेरा डोळ्याच्या पडद्याकडे पाहतो. तिथे उलटं घडतं: रक्तवाहिन्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मध्यापासून निघतात आणि कानाकडच्या कडेला पोचेपर्यंत जवळपास चाळिसावा आठवडा उजाडतो. अशा फोटोंवरून संगणक बाळाचं शेवटच्या पाळीपासून मोजलेलं वय सांगू शकतो का, यावर संशोधन चालू आहे. फोटो जन्मानंतर काही आठवड्यांनी काढला तरी चालतो, मधले दिवस वजा केले की जन्मवेळचं वय मिळतं. यात मला एकच अडचण मोठी वाटते. प्राणवायूचं प्रमाण आणि आजारपण यांनी या वाहिन्यांची वाढ बिघडते, तेव्हा फोटोत दिसतं ते लहान वय की आजार, हे वेगळं काढावं लागेल.

तो आजार म्हणजे आरओपी (रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी), लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा विकार. वेळेत सापडला तर लेझरने दृष्टी वाचू शकते, उशीर झाला तर पडदा सुटून कायमचं अंधत्व येऊ शकतं. कर्नाटकात 2008 पासून ‘किडरॉप’ या उपक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन गावोगावच्या नवजात कक्षांत जातात आणि फोटो तज्ज्ञांकडे पाठवतात. असे फोटो वयासाठीही वापरता आले, तर एकाच तपासणीत दोन कामं होतील.

तोवर आई-वडिलांनी एवढं नक्की करावं. बाळाला घरी नेताना डिस्चार्ज कार्डावर जन्मवेळचं वय आठवड्यांत लिहिलंय का आणि ते कशावरून ठरवलं, हे विचारा. बाळ 34 आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा त्याचं वजन 2000 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हायलाच हवी. 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. कार्डावर या तपासणीची तारीख नसेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या.